आडवी धावणारी फिल्म

सत्तर एमएम म्हटलं की आपल्याकडे ‘शोले’ आठवतो, मुंबईचं मिनर्व्हा थिएटर आठवतं. पण ‘शोले’ चित्रित झाला होता ३५ एमएमवर. प्रिंट नंतर फुगवून ७० एमएमची केली. पडदा भरला, तपशील होता तेवढाच राहिला.

आयमॅक्सने सुरुवात दुसऱ्या टोकाकडून केली. १९६७ च्या माँट्रियलच्या जागतिक प्रदर्शनात अनेक प्रोजेक्टर जुळवून मोठं चित्र दाखवताना किती सायास पडतात, हे ग्रॅम फर्ग्युसन, रोमन क्रॉइटर या कॅनडातल्या मंडळींनी अनुभवलं होतं. त्यांना हवा होता एकच प्रोजेक्टर, आणि त्यासाठी फिल्मवरचं चित्रच मोठं. मग त्यांनी ७० एमएमची पट्टी आडवी घातली. एरवी ती वरून खाली उतरते आणि एका चित्राला कडेची पाच छिद्रं पुरतात. इथे ती बाजूने धावते, एका चित्राला पंधरा छिद्रं लागतात. नेहमीच्या ७० एमएमच्या तिप्पट क्षेत्रफळ, जुन्या ३५ एमएमच्या जवळपास नऊपट.

अडचण पुढेच होती. सेकंदाला चोवीस चित्रं म्हणजे पावणेदोन मीटरच्या आसपास फिल्म, तीही दर चित्राला थांबत. नेहमीसारखं दात्यांनी ओढायला गेलं तर छिद्रं फाटणार. उपाय सापडला ऑस्ट्रेलियातल्या रॉन जोन्सकडे. त्याच्या यंत्रात फिल्म ओढत नाहीत. सतरंजीला एका कडेला फुगवटा आणून तो दुसऱ्या कडेपर्यंत ढकलत न्यावा, तशी फिल्मची लाट चक्राबरोबर सरकते आणि पुढचं चित्र अलगद जागेवर ठेवते. तिथे खुंट्या ते पकडतात, निर्वात दाब ते भिंगाच्या काचेला चिकटवतो, म्हणून चित्र तसूभर हलत नाही. कॅनडातल्या मंडळींपैकीच अभियंता विल्यम शॉने हे यंत्र व्यवहारात आणलं. १९७० साली ओसाकाच्या प्रदर्शनात पहिला आयमॅक्स चित्रपट दाखवला गेला.

एवढा डोलारा सांभाळणं सोपं नाही. ‘ओपनहायमर’ या चित्रपटाची आयमॅक्स प्रिंट सुमारे अठरा किलोमीटर लांब आणि पावणेतीनशे किलोच्या घरात. रिळांच्या तबकड्यांचा कारभार एके काळी पाम पायलट या तळहातावरच्या संगणकावर चाले. २०२३ मध्ये त्याची नक्कल करणारा प्रोग्रॅम टॅब्लेटवर चालवून काम भागवलं. जगभरात अशी प्रिंट जेमतेम तीस पडद्यांवर लागली, भारतात एकाही नाही. मुंबईत वडाळ्याच्या घुमटाकार थिएटरात २००१ पासून आयमॅक्स फिल्म दिसायची, पण ती गोष्ट केव्हाच संपली होती.

आपण पाहिला तो डिजिटल आयमॅक्स. त्याच्या पडद्याच्या रुंदीचं उंचीशी प्रमाण १.९०, मूळ फिल्मचं १.४३. म्हणजे आयमॅक्स फिल्मवर चित्रित दृश्यांच्या उंचीतला पाव हिस्सा आपल्यापर्यंत आलाच नाही. नाव मात्र दोन्हीकडे तेच, आणि तिकीट काढताना हे कुणी सांगत नाही. कॅमेरामनला हे आधीच ठाऊक असतं. म्हणून चेहरा, हात, बंदूक सगळं तो मधल्या पट्ट्यात बसवतो आणि कापलं गेलं तरी चालेल असं आभाळ वर सोडतो, खाली जमीन.