वाय-फायचा पासवर्ड बदलला, राउटरचा बदलला का?
जळगावची डाळमिल असो वा धुळ्यातील सीएंचे ऑफिस, बिलिंग, जीएसटी, बँक सारे एकाच राउटरवर चालते. वाय-फायचा पासवर्ड बदलतो, पण राउटरच्या सेटिंगचा ‘अ‍ॅडमिन’ पासवर्ड कंपनीतून आला तसाच राहतो. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या मोडेमवर मालवेअरचा हल्ला झाला, तेव्हा असेच मोडेम बळी पडले.

काय कराल?
• राउटरमागच्या स्टिकरवरील पत्ता (बहुधा १९२.१६८.१.१) ब्राउझरमध्ये टाका, अ‍ॅडमिन पासवर्ड बदला.
• सिक्युरिटीत डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ निवडा.
• रिमोट मॅनेजमेंट बंद करा, फर्मवेअर अपडेट करा.
• ग्राहकांना वेगळे गेस्ट नेटवर्क द्या.

लक्षात ठेवा : राउटर फॅक्टरी रिसेट केला, की जुना पासवर्ड परत येतो. दुरुस्तीवाला निघण्याआधी तो पुन्हा बदला.