मिशनसेवा आणि आत्मिक संजीवन : नंदुरबार प्रांतींच्या कागदांच्या निमित्तानें

दप्तरें धुंडाळीत फिरणाऱ्या संग्राहकाचा एक स्वभाव ठरून गेला आहे. वतनाचा महजर, सनद, निदान एखादी मोडी हातचिठी हातीं लागली, कीं तो हरखून जातो. परंतु त्याच गांवीं मिशनच्या जुन्या बंगल्यांतील पेटी उघडली आणि आंत बाप्तिस्म्याचें रजिस्टर, भजनांची हातवही, अहवालांच्या प्रती निघाल्या, तर "हें पाद्र्यांचें" म्हणून तो पेटी मिटवितो. या उपेक्षेमुळें आधुनिक महाराष्ट्राच्या धर्मेतिहासाचें एक साधन वाळवीच्या स्वाधीन होत आहे, असें आम्हांस वाटतें. हे कागद वाचावे कसे, आणि त्यांत ज्यास 'संजीवन' म्हणतात ती वस्तु ओळखावी कशी, एवढेंच प्रस्तुत लेखांत सांगावयाचें आहे.

नंदुरबार जिल्हा नांवानें नवा आहे. १ जुलै १९९८ रोजीं तो धुळें जिल्ह्यांतून वेगळा निघाला. १९०६ सालीं खानदेशाचे दोन भाग झाले, तेव्हांपासून हा मुलूख पश्चिम खानदेशांत मोडत असे. तापीचें खोरें आणि सातपुड्याच्या डोंगरपट्ट्या यांमध्यें भिल्ल, मावची, पावरा, कोकणा इत्यादि लोकांची वस्ती. १८९९-१९०० चा छप्पन्याचा दुष्काळ या बाजूस फार जाचला, आणि त्याच सुमारास तापी खोऱ्याची आगगाडी नंदुरबार-नवापुरावरून सुरतेस जाऊं लागली. दुष्काळ आणि आगगाडी या दोहोंच्या मागोमाग मिशनरी आले. फ्रेडरिक फ्रान्सन या स्वीडिश गृहस्थानें १८९० सालीं शिकागो येथें स्थापिलेल्या स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचें काम याच पट्ट्यांत रुजलें. १९४९ पासून ती संस्था इव्हँजेलिकल अलायन्स मिशन या नांवानें ओळखली जाते. नवापूर तालुक्यांतील चिंचपाड्याचें ख्रिस्ती रुग्णालय हें त्या कार्याचें आजहि चालू असलेलें फळ होय. तें आतां एम्मॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशनच्या व्यवस्थेखालीं आहे.

आतां मुख्य मुद्दा. मिशनच्या कागदांत दोन घटना निरनिराळ्या असतात, आणि वाचक त्यांची हटकून गल्लत करितो. पहिली धर्मांतर. तें रजिस्टरांत तारखेसह नोंदलें जातें. दुसरी घटना संजीवन, म्हणजे जो अगोदरच ख्रिस्ती आहे, किंबहुना मिशनच्या सेवेंतच आहे, त्याच्या अंतःकरणांत पुन्हां पालवी फुटणें. त्याचें रजिस्टर नसतें. सेवा करितां करितां सेवक कोरडा पडतो. शाळा, दवाखाना, अनाथालय, वार्षिक अहवाल, परदेशांतील मंडळास पाठवावयाचे आंकडे, यांच्या रगाड्यांत मूळचा ओलावा आटतो. वारकऱ्यांस हा अनुभव अपरिचित नाहीं. वर्षानुवर्षें वारी करणाऱ्यासहि एखाद्या वर्षीं चंद्रभागेंत नव्यानें उतरल्यासारखें वाटतें. मिशनच्या परिभाषेंत त्यासच जागृति, पुनरुज्जीवन अथवा संजीवन म्हणत.

या घटनेचें मराठी मुलखांतील ठळक उदाहरण पंडिता रमाबाईंचें. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें झाला. १८८९ सालीं मुंबईस शारदा सदन निघालें. म्हणजे कार्य जोरांत चाललें होतें. तथापि १९०७ सालच्या आपल्या इंग्रजी आत्मनिवेदनांत त्या सांगतात, कीं बाप्तिस्म्यानंतर सुमारें आठ वर्षेंपर्यंत आपणांस ख्रिस्ती धर्म सांपडला होता, पण ख्रिस्त सांपडला नव्हता. विल्यम हॅस्लम नांवाच्या एका इंग्रज पाद्र्याचें आत्मवृत्त वाचून त्यांस आपली उणीव कळली. हा हॅस्लमहि पाद्रीपदावर असतांनाच पालटलेला होता, हें विशेष! पुढें १९०५ च्या जानेवारींत केडगांवच्या मुक्ति मिशनांत रमाबाईंनीं प्रार्थनेचा नेम घातला, आणि जूनअखेर तेथें जी जागृति झाली तिची वार्ता दूरदूरच्या देशांत गेली. मुली रडत, पापें कबूल करीत, तासन् तास प्रार्थना करीत. या वर्णनांत अतिशयोक्ति कोठें आहे तें निवडणें हें इतिहासकाराचें काम. परंतु जागृतीनंतर तेथील बायकांच्या तुकड्या गांवोगांव प्रचारास निघाल्या, ही गोष्ट निर्विवाद आहे.

दुसरें उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचें, आणि आमच्या मतें अधिक बोधप्रद. १८९३ सालीं आगगाडीच्या प्रवासांत एका युरोपियनानें दिलेला नवा करार त्यांच्या हातीं आला. १८९५ च्या फेब्रुवारींत मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेंत धर्मशिक्षण, उपदेश, 'ज्ञानोदया'चें मराठी संपादन अशीं बावीस वर्षें गेलीं. कीर्ति होती, शिष्य होते. बालकवि ठोमऱ्यांसारखा खानदेशचा कवि त्यांच्या घरीं राहून गेला. आणि १९१७ सालीं, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं, या गृहस्थानें मिशनची पगारी नोकरी सोडून संन्यासवृत्ति पतकरिली, साताऱ्यास जाऊन 'देवाचा दरबार' मांडला, आणि बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले ख्रिस्तभक्त यांचें एक बंधुमंडळ करण्याचा घाट घातला. दोन वर्षांच्या आंत, ९ मे १९१९ रोजीं, मुंबईस त्यांचा अंत झाला.

कित्येकांनीं ही घटना मिशनशीं झालेल्या बेबनावाच्या सदरांत घातली आहे. पगार घेणारा एतद्देशीय उपदेशक आणि पगार देणारा परदेशीय मिशनरी यांमधील अंतर टिळकांस टोंचत होतें यांत शंका नाहीं. पण नुसता बेबनाव असता, तर ते दुसऱ्या मिशनांत गेले असते किंवा स्वतंत्र वर्तमानपत्र काढते. त्यांनीं तसें कांहींच केलें नाहीं. तुकोबांच्या मार्गानें आपण ख्रिस्ताकडे आलों असें ते सांगत. सेवेच्या शेवटीं ते पुनः त्याच मार्गावर, हातीं कांहीं न ठेवतां, उभे राहिले. म्हणून आम्ही यास संजीवन म्हणतों.

या प्रकरणाचीं मुख्य साधनें दोन, आणि दोहोंचा सूर अगदीं निराळा. जे. सी. विन्स्लो या इंग्रज मिशनऱ्यानें १९२३ सालीं टिळकांचें इंग्रजी चरित्र लिहिलें. त्यांत भक्ताचा गौरव आहे. त्याच्या आदल्याच वर्षीं विन्स्लोनें ख्रिस्त सेवा संघ काढून भारतीय आश्रमपद्धति अंगीकारली होती. म्हणजे चरित्रकार स्वतःहि त्याच वाटेनें चाललेला. उलट लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रें' या ग्रंथाचे भाग १९३४ पासून निघाले. त्यांत संन्यास घेणाऱ्याच्या घरचें पीठमीठ दिसतें. पतीचें ईश्वरवेड आणि संसाराची ओढाताण बाई एकाच श्वासांत, हंसत सांगतात. आम्हांस तर हें दुसरें साधनच अधिक विश्वसनीय वाटतें, कारण ज्या पालटाचा खर्च घरच्या माणसास सोसावा लागला तो पालट शाब्दिक नव्हता. आणि त्याच बाईंनीं पतीचें अपुरें राहिलेलें 'ख्रिस्तायन' पुढें पुरें केलें. तें १९३८ सालीं प्रसिद्ध झालें.

यावरून कागद वाचण्याची खूण निघते. संजीवन झालें असें कोणी लिहितो एवढ्यावर भिस्त ठेवूं नये. तशीं वाक्यें अहवालांत साच्यांतून काढल्यासारखीं येतात. त्या तारखेच्या आगेमागें खर्चाच्या वहींत काय बदललें, पत्रें कोणास जाऊं लागलीं, भाषा कोणती आली, हें पाहावें. टिळकांच्या बाबतींत पगार सुटला, बाप्तिस्मा न घेतलेलेहि मंडळांत आले, आणि ख्रिस्तभक्ति अभंगांत बोलूं लागली. यांपैकीं अभंग आधींपासूनच होता, पगार मात्र एकदम सुटला; म्हणून आम्ही वहीस कवितेपेक्षां अधिक मान देतों.

नंदुरबारकडे ही खूण लावतांना एक सावधगिरी बाळगावी. या बाजूचीं ख्रिस्ती मजकुराचीं सर्वच पानें भक्तीचीं नसतात. ग्रियर्सनच्या भाषापाहणीचा भिल्ली भाषांचा भाग १९०७ सालीं छापला गेला. या पाहणींत बोलीचा नमुना म्हणून उधळ्या पुत्राची गोष्ट त्या त्या बोलींत करवून घेत. तेव्हां एखाद्या रुमालांत ती गोष्ट भिल्ली बोलींत मिळाली, तर ती उपदेशकाची कीं सरकारी कारकुनाची, हें कागद, शाई व लिपि पाहूनच ठरवावें. बापाकडे परतलेल्या मुलाची गोष्ट व्याकरणासाठीं लिहिली गेली असेल. तीच दुसऱ्या वहींत कोणी रडत लिहिलेली असेल.

आणखी एक गोष्ट. याच जिल्ह्यांत, तळोद्याकडे, गुलाम महाराजांनीं आप धर्माची चळवळ चालविली. दारू सोडणें, स्वच्छता, सोमवारची आरती, आणि लहानथोरांनीं एकमेकांस 'आप' म्हणून आदरानें हांक मारणें, हा तिचा गाभा. महाराज १९३८ सालीं वारले. तिचा मिशनशीं संबंध नाहीं. परंतु त्याच डोंगरांत त्याच काळीं माणसें नव्यानें उभीं राहूं पाहत होतीं. आरतीच्या वह्या आणि चर्चच्या भजनवह्या एकाच कपाटांत शेजारीं ठेवल्या, तर कोणती चाल इकडून तिकडे गेली, दारूबंदीचे शब्द कोणीं कोणापासून घेतले, हें ताडून पाहतां येईल.

अशी हातवही मिळाल्यास तिचें बांधणीचें कापड काढूं नये, आणि पुठ्ठ्याच्या आंतील पान आधीं पाहावें. मालकाचें नांव, भजन कोणत्या गांवीं उतरून घेतलें, कोणाचें आजारपण चालू होतें, अशा नोंदी पेन्सिलीनें केलेल्या तेथेंच असतात, आणि पुस्तक नव्यानें बांधतांना पहिल्यानें तींच पानें फेंकलीं जातात.