पोथीची कीड आणि पाठाची हानी

जुन्या मराठी पोथीत ‘केलें’ आणि ‘केले’ या दोन रूपांतील भेद एका अनुस्वारावर अवलंबून असतो. पहिले नपुंसकलिंगी एकवचन, दुसरे पुल्लिंगी अनेकवचन. नेमक्या त्या बिंदूच्या जागी भुंगेऱ्याच्या अळीने टाचणीएवढे छिद्र पाडले, तर मूळ रूप कोणते हे सांगता येत नाही. उलट, छायाप्रतीत एखादे छिद्र काळा ठिपका होऊन उमटते आणि मुळात नसलेला अनुस्वार वाचला जातो. तेव्हा कीडनियंत्रण हा केवळ संग्रहपालाचा विषय नसून पाठचिकित्सेचाही आहे.

पूर्वजांना या धोक्याची जाणीव होती. पोथी बासनात घट्ट बांधीत, तीत वेखंड किंवा कडुनिंबाचा पाला ठेवीत. चुकलेल्या अक्षरावर ते हरताळ लावीत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार त्यातूनच आला. हरताळ हे आर्सेनिक व गंधक यांचे संयुग असल्याने किडीस घातक, परंतु वाचकासही अपायकारक आहे. विसाव्या शतकात विषारी वायूंची धुरी रूढ झाली. तिचेही दोष पुढे दिसून आले. मिथाइल ब्रोमाइड चामडे व लोकर यांतील गंधकाशी संयोग पावून दुर्गंधी निर्माण करते. शिवाय ओझोनच्या थरास ते हानिकारक ठरल्याने १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराच्या कक्षेत १९९२ मध्ये आणले गेले.

विषाविना कीड मारण्याचे दोन मार्ग आज प्रचलित आहेत. पहिला शीतोपचाराचा : वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे २० अंश सेल्सियसवर सुमारे दोन आठवडे ठेवावयाची. येथे खरी कसोटी शेवटी लागते. आपली जुनी शाई काजळी व डिंक यांची. ती पाण्याने विरघळते. थंड पिशवी लगेच उघडली, तर दमट हवेतील बाष्प पानांवर साचून अक्षरे पसरतात. म्हणून पिशवी खोलीच्या तापमानास येईपर्यंत, निदान एक दिवस, उघडू नये. रंगविलेल्या लाकडी पाट्या, लाखकाम किंवा चित्रे यांना थंडीने तडे जाण्याचा संभव असतो. त्यांच्यासाठी दुसरा मार्ग नायट्रोजनचा : हवाबंद आवरणातील प्राणवायू ०.३ टक्क्यांखाली आणून, २५ अंशांच्या आसपास सुमारे तीन आठवडे ठेवले असता कीटक अंड्यांसह मरतात.

मात्र यांपैकी कोणताही उपाय पुढील प्रादुर्भाव रोखीत नाही. उरणजवळील द्रोणागिरीसारख्या, समुद्र व खाडी यांच्या सान्निध्यातील गावी पावसाळ्यात हवा दीर्घकाळ दमट राहते. कसर, वाळवी आणि बुरशी यांस ती अनुकूलच. तेथील घरातील दप्तर भिंतीपासून दूर, जमिनीपासून उंच ठेवणे, नवी आलेली पोथी काही आठवडे वेगळी ठेवून मगच संग्रहात घेणे, कोपऱ्यांत चिकट सापळे लावून दर महिन्यास पाहणे, हे साधे उपाय प्रयोगशाळेवाचून करता येतात. पानाखाली पडलेली ताजी भुकटी दिसताच ती पोथी बाजूस काढावी.

आणि अभ्यासकाने एक पथ्य पाळावे : शंकास्पद बिंदू मूळ पानावर पारखल्यावाचून पाठ निश्चित करू नये. पान उजेडासमोर धरले असता छिद्रातून प्रकाश येतो, शाईच्या बिंदूतून येत नाही.