आट्यांचं सूत

विहिरीवरचं इंजिन वीसेक मिनिटं चालायचं आणि धाप लागल्यासारखं मंदावत बंद पडायचं. टाकी भरलेली, फिल्टर नवा, नोझल तपासून आणलेलं. तिसऱ्या दिवशी फिल्टरला डिझेल आणणाऱ्या नळीचा बँजो बोल्ट खोलला, तर त्याच्या आडव्या भोकात पांढऱ्या टेफ्लॉन टेपची नखाएवढी चिंधी अडकलेली. डिझेलच्या ओघाबरोबर ती भोकावर येऊन बसायची आणि इंजिन थांबलं की सैल व्हायची. टेप आली होती वरून, टाकीच्या तळाशी बसवलेल्या कॉकच्या आट्यांवरून. तिथे कुणीतरी सात-आठ वेढे मारले होते. तरीही सांध्याभोवती डिझेलने भिजलेल्या धुळीचं काळं कडं जमलं होतंच.

एवढी टेप लागते तिथे आटे जुळलेले नसतात. हे मला त्या दिवशी कळलं, आणि तेव्हापासून जुन्या इंजिनांच्या इंधननळ्यांचे सांधे मी जमेल तिथे मोजत आलो आहे.

आमचं इंजिन लिस्टर पद्धतीचं, राजकोटी बनावटीचं. मूळ लिस्टर कंपनी इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायर परगण्यातल्या डर्स्ली गावची. तिथलं ‘सीएस’ इंजिन १९३० च्या सुमारास बाजारात आलं. साडेचार इंची बोअर, साडेपाच इंची स्ट्रोक, दोन जड फ्लायव्हील आणि मिनिटाला सहाशे-साडेसहाशे फेरे. राजकोटच्या कारखान्यांनी त्याच्या प्रतिकृती ओतल्या आणि त्या विहिरींवर, पिठाच्या गिरण्यांत, गुऱ्हाळांवर पोचल्या. इंजिनाच्या घडणीबरोबर त्याचे आटेही इंग्रजीच आले, म्हणजे नळ्यांसाठी बीएसपी (ब्रिटिश स्टँडर्ड पाइप).

हे आटे समजून घ्यायचे तर व्हिटवर्थपर्यंत मागे जावं लागतं. जोसेफ व्हिटवर्थने इंग्लंडभरच्या कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, त्यांची सरासरी काढली आणि १८४१ मध्ये एकच प्रमाण सुचवलं : आट्याचा कोन ५५ अंश, शेंडा आणि तळ दोन्ही गोलसर. तेवीस वर्षांनी, १८६४ मध्ये, फिलाडेल्फियात विल्यम सेलर्सने ६० अंशांचा, सपाट शेंड्याचा आटा मांडला. तो करायला सोपा होता आणि अमेरिकेने तोच उचलला. एका सागराच्या दोन काठांवर दोन कोन रुजले. दुसऱ्या महायुद्धात दोस्तांच्या सैन्यांना एकमेकांचे नट-बोल्ट बसेनात, तेव्हा कुठे १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी बोल्टांसाठी एक समान आटा मान्य केला. नळ्यांचे आटे मात्र त्या समेटाच्या बाहेरच राहिले. ब्रिटिश बीएसपी आणि अमेरिकी एनपीटी आजही वेगवेगळे आहेत आणि जुन्या इंजिनांची बरीच गळती याच फटीतून होते.

आपल्याकडचे मिस्त्री नळी सुतात मोजतात. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, म्हणून पाव इंची ती दोन सुती. पण दोन सुती फिटिंगवर व्हर्नियर लावा, पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर कुठेच सापडणार नाहीत. बीएसपीत आट्यांचा बाहेरचा व्यास १३.१६ मिलिमीटर भरतो. जुन्या काळी लोखंडी नळीच्या आतल्या भोकावरून तिला नाव पडलं आणि आटे कापायचे बाहेरून. तेच नाव आजवर चालत आलं आहे. दुकानात नुसतं ‘पाव इंची द्या’ म्हटलं की घोळाला सुरुवात होते.

पाव इंची बीएसपीला इंचात १९ आटे, एनपीटीला १८. एक सुती घेतली तर २८ आणि २७. फरक इंचाला एकाच आट्याचा असल्यामुळे परकं फिटिंग पहिले दोन-तीन आटे धरतं, मग कडक होतं आणि हाताला वाटतं की चांगलं आवळलं गेलं. खरं तर तेव्हा पितळ पितळेला खात असतं. मेट्रिकचा फसवेपणा उलट्या बाजूचा आहे. एक सुती बीएसपीचा व्यास ९.७३ मिलिमीटर, म्हणून तो १० मिलिमीटर व्यासाच्या आणि १ मिलिमीटर पिचच्या भोकात सैलसर शिरतो, तीन-चार फेरे फिरतो आणि अडतो. विलीज जीपचं मूळ इंजिन अमेरिकी, त्यामुळे त्यावर एनपीटी. त्याच जीपमध्ये पुढे मेट्रिक आट्यांचं डिझेल इंजिन बसवलेलं असेल, तर एकाच नळीची दोन टोकं दोन देशांची असू शकतात.

आटे मोजायला पिच गेज घ्यावं. नसेल तर ओळखीचं फिटिंग अनोळखी फिटिंगच्या आट्यांत समांतर बसवून उजेडाकडे धरावं. मधून उजेड दिसता कामा नये. मग व्हर्नियर आट्यांच्या दोन्ही टोकांना लावावा. निमुळत्या आट्यांचा उतार सोळास एक असतो, म्हणजे १० मिलिमीटर लांबीत व्यास ०.६ मिलिमीटरच्या आसपास बदलतो. सरळ आट्यांत तो बदलत नाही.

या सरळ आणि निमुळत्या भेदाकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. निमुळता आटा स्वतःच पाचरीसारखा दाबून गळती थांबवतो. सरळ आटा नुसता धरून ठेवतो. गळती थांबवायची ती तांब्याच्या वायसरने नाहीतर निप्पलच्या शंकूने. सरळ आट्यावर टेप गुंडाळणं म्हणजे दाराला कुलूप लावायचं सोडून भिंत लिंपणं. आणि निमुळतं फिटिंग बिडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या घरात जोराने आवळलं, तर ते घर फोडतं. फिटिंग नवीन मिळेल, पन्नास वर्षांपूर्वी ओतलेलं फिल्टरचं डोकं मिळणार नाही. म्हणून बदल करायचा तो नेहमी फिटिंगमध्ये, इंजिनात नाही.

आपल्याकडच्या घरगुती नळकामाचे आटे बीएसपी घराण्यातलेच आहेत, त्यामुळे नळाच्या दुकानातलं फिटिंग जुन्या इंग्रजी इंजिनाला बसतंही. पण ते गॅल्व्हनाइज्ड असलं तर घेऊ नये. डिझेलमधल्या आम्लांशी जस्ताची प्रक्रिया होऊन साबणासारखा चिकट गाळ तयार होतो आणि तो पंप-नोझलपर्यंत पोचतो. पितळ किंवा पोलाद बरं. तांब्याची नळी वळवायला सोपी, पण थरथरीने ती कडक होते आणि फेरूलजवळ तडकते. जुन्या इंजिनांच्या नळीला मध्येच एक गोल वेढा दिलेला दिसतो तो ही थरथर गिळण्यासाठी. नवी नळी टाकताना अनेकजण तो वेढा वाचवतात आणि वर्षभरात पुन्हा नळी बदलतात.

आमची टाकी कॉकसकट घेऊन मी बाजारगावातल्या एका म्हाताऱ्या टर्नरकडे गेलो. त्यांनी टेप सोलून काढली, गेज लावलं आणि म्हणाले, “ह्या घरचा आटा नव्हं हा. अठराचा हाय.” टाकीवर कॉक बसतो तो बॉस एकोणीसचा. पहिले तीन आटे चावले गेले होते, आतले शाबूत होते. त्यांनी पाव इंची बीएसपी टॅप तेल लावून हातानेच फिरवला, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, आणि चुरा पुसत राहिले. मग कॉक आणि टाकी यांच्यामधला तुकडा करायला पितळी षटकोनी सळई लेथवर चढवली. १९ ही मूळ संख्या, त्यामुळे गिअरही तिच्या पटीतला लागतो. त्यांच्या लेथचा लीडस्क्रू इंचाला चार आट्यांचा होता. वीस दात्यांचा गिअर लावून त्यांनी कोपऱ्यातल्या डब्यातून रॉकेलमध्ये ठेवलेला पंचाण्णव दात्यांचा काढला.

“ह्यो गिअर कुणाला देत न्हाई,” ते म्हणाले.

नवा तुकडा सरळ आट्यांचा झाला, वर तांब्याचा वायसर बसेल असा सपाट खांदा. वायसर त्यांनी लाल तापवून पाण्यात टाकला आणि मऊ करून दिला. मी तो तुकडा टाकीत बोटांनीच फिरवला. शेवटच्या आट्यापर्यंत कुठे अडला नाही. पान्ह्याने वरून पाव फेरा दिला, टेप न लावता. फिल्टर आणि पंपाचे स्क्रू सैल करून हवा काढली, हँडल मारलं. सांध्याखाली वर्तमानपत्राचा कागद धरून मी तासभर बसलो. तो कोरडाच राहिला.

निघताना टर्नरनी पंच घेऊन तुकड्याच्या षटकोनावर दोन आकडे ठोकून दिले होते : १ आणि ९.