वंशावळीचा दाखला आणि श्वानाचें आरोग्य

पनवेल आतां केवळ भाताच्या गिरण्यांचें गांव राहिलें नाहीं. उंच इमारती झाल्या आणि त्यांतून विलायती जातींचीं कुत्रींही दिसूं लागलीं. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबानें दोन वर्षांपूर्वीं लॅब्राडोर जातीचें पिलूं विकत आणिलें. सोबत तीन पिढ्यांच्या वंशावळीचा छापील दाखला होता. मुलांचा आनंद गगनांत मावेना. परंतु वर्ष पुरें होण्यापूर्वींच तें जिना चढतांना अडखळूं लागलें, बसलेलें उठतांना विव्हळूं लागलें. क्ष-किरणांनीं चित्र काढिलें, तेव्हां मागील पायांचें हाड खुब्याच्या खोबणींत नीट बसलेलेंच नाहीं असें दिसलें. “मास्तर, मग तो दाखला खोटा होता काय?” असें त्या घरच्या आजोबांनीं आम्हांस विचारिलें. दाखला खोटा नव्हता. परंतु आरोग्याची हमी देणें हें त्याचें कामच नव्हे. हा भेद वाचकांपुढें मांडावा, एवढ्यासाठींच हा लेखनप्रपंच.

नोंदणी म्हणजे काय, तें प्रथम पाहूं. लंडन येथें १८७३ सालीं केनेल क्लब स्थापन झाला व शुद्ध जातींच्या श्वानांची वंशावळ पद्धतशीर ठेवण्याचा प्रघात पडला. आपल्या देशांत केनेल क्लब ऑफ इंडिया ही संस्था हें काम करिते. तिचा उगम १८९६ सालचा. आईबापांची नोंद असेल, तर पिलाची होते. आपल्याकडील कुलवृत्तांतासारखाच हा प्रकार. अमक्याचा पुत्र अमका, एवढें त्यावरून कळतें. तो दमेकरी होता कीं निरोगी, हें कळत नाहीं.

आपल्या दक्षिणेंतील एका जातीचें उदाहरण घेऊं. घोरपड्यांचें मुधोळ संस्थान १९४८ सालीं विलीन झालें. तें गांव आज कर्नाटकांतील बागलकोट जिल्ह्यांत आहे. तेथील राजे मालोजीराव घोरपडे यांनीं दख्खनच्या शिकारी श्वानांचें आस्थेनें संगोपन केलें व ती जात मुधोळच्या नांवानें प्रसिद्धीस आली. आपल्या इकडे तिला कारवानी म्हणतात. २००५ सालीं डाकखात्यानें तिच्या चित्राचें तिकीटही काढिलें. मौज अशी, कीं एका संस्थेच्या वहींत ती मुधोळ हाउंड, तर दुसरीच्या वहींत कॅरव्हान हाउंड! परंतु या वह्या उघडण्याच्या कितीतरी पूर्वींपासून खेड्यांतील शिकाऱ्यांनीं ही जात राखिली होती. त्यांची परीक्षा एकच: रानांत धांव टिकते कीं नाहीं? लंगड्याची किंवा अंधाची प्रजा वाढविण्यांत त्यांस स्वारस्य नव्हतें. आज कुत्रें दिवाणखान्यांत बसतें. रान ती परीक्षा घेत नाहीं. म्हणून ती वैद्यानें घ्यावयास हवी.

आपल्या शास्त्रकारांनीं सगोत्र व सपिंड विवाह वर्ज्य मानिले. श्वानांच्या शुद्ध जातींत मात्र एखाद्या नामांकित नरास वारंवार पसंती मिळाल्यानें कांहीं पिढ्यांत सारींच एकमेकांचीं आप्त होऊन बसतात, आणि गुप्त दोष एकत्र येतात. डोळ्यांचा आंतला पडदा झिजून आंधळेपणा आणणारा एक रोग आहे. त्याच्या बहुतेक प्रकारांत दोष आई व बाप या दोघांकडूनही आला, तरच रोग होतो. दिसावयास निरोगी, परंतु दोष वाहणारीं दोन कुत्रीं एकत्र आलीं, तर सरासरीनें चार पिलांत एक रोगी, दोन दोषवाहक व एक निर्दोष निपजतें. ज्या प्रकारांचें जनुक ठाऊक आहे, तेथें रक्ताच्या किंवा लाळेच्या तपासणीनें दोषवाहक ओळखतां येतो. त्यास निर्दोष जोडीदार दिला, म्हणजे त्या रोगानें एकही पिलूं अंध होत नाहीं. खुब्याचा दोष इतका सरळ नाहीं; त्यांत अनेक जनुकांचा, शिवाय वजनाचा व आहाराचाही वांटा असतो. म्हणून पैदाशीपूर्वीं नरमादी दोघांच्याही खुब्यांचें चित्र काढितात. अमेरिकेंत १९६६ सालीं स्थापन झालेली एक संस्था तर कुत्रें चोवीस महिन्यांचें झाल्यावांचून अंतिम निर्णयच देत नाहीं.

आपल्या केंद्र सरकारनेंही २०१७ सालीं श्वानपैदाशीचे नियम केले. पैदास करणाऱ्यानें राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे, आणि आठ आठवड्यांच्या आंतील पिलूं विकतां येत नाहीं. तथापि कायद्याहून गिऱ्हाईकाचा प्रश्न अधिक प्रभावी. घेणाऱ्यानें विचारावें: पिलाची आई पाहूं द्याल काय? आईबापांच्या खुब्यांचीं चित्रें व डोळ्यांच्या तपासणीचे कागद कोठें आहेत? मागील वेतांतील पिलें आज कशीं आहेत? वंशावळींत किती पिढ्या आहेत, हें सर्वांच्या शेवटीं विचारावें. असे प्रश्न ऐकून जो विक्रेता चिडेल, त्याचा उंबरठा ओलांडूं नये.

तें कुत्रें आजही त्याच घरीं आहे. आजोबा त्यास सकाळीं वडाळे तलावाच्या कांठीं हळूहळू फिरवितात, आणि तें थांबलें कीं स्वतःही थांबतात. त्या मुक्या जिवाचा यांत कांहीं अपराध नाहीं. ज्यांस वाचा आहे, त्या आम्हीं वेळीं विचारिलें नाहीं, एवढेंच.