घर कोणाचे? ज्याच्या नावे कागद, त्याचे!

सिरोंचात नोकरीला आलेला शिक्षक किंवा ग्रामसेवक वर्षानुवर्षे भाड्याच्या खोलीत राहतो आणि नागपूर-चंद्रपूरच्या फ्लॅटचे हप्ते फेडतो. इथला भूमिहीन मजूर बापजाद्यांच्या घरात राहतो, भाडे देत नाही. पण त्या जागेचा कागद त्याच्याकडे नाही. या दोघांत घरमालक कोण?

'भाडे म्हणजे पाण्यात गेलेला पैसा', असे आपल्या समाजात सर्रास बोलले जाते. ते अर्धेच खरे आहे. भाड्याने राहण्यात कमीपणा नाही. बाबासाहेब कितीतरी वर्षे परळच्या चाळीतल्या खोल्यांत राहिले, तिथेच अभ्यास केला, चळवळ चालवली. दादरचे राजगृह त्यानंतरचे.

पण भाड्यापोटी आपल्याला आणखी एक किंमत मोजावी लागते. १९१७ साली परदेशात शिकून बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झालेल्या बाबासाहेबांना, जात कळताच, लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने पारशी धर्मशाळेतून बाहेर काढले. आज लाठी दिसत नाही. 'आडनाव काय?' एवढे विचारले जाते आणि रिकामी खोली 'कालच दिली' होते. म्हणून स्वतःचे घर ही आपल्यासाठी केवळ गुंतवणूक नाही. ते जात न विचारणारे दार आहे.

मात्र या ओढीचाच फायदा दलाल घेतात. सिरोंचा तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते आणि तीही शासनाच्या पूर्वमान्यतेने. तरीही साध्या स्टॅम्पपेपरवर प्लॉटचे सौदे होतात. त्यात आपली पुंजी बुडते आणि आदिवासी बांधवाची जमीनही जाते. शोषिताचे संरक्षण मोडून बांधलेले घर आपल्याला कसे शोभेल?

दुसरा गैरसमज नमुना आठचा. ग्रामपंचायतीने घराचा कर घेतला म्हणजे जागा आपली झाली, असे अनेकजण समजतात. ती कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. जुलै २०२२ च्या पुरात गोदावरी-प्राणहितेचे पाणी तालुक्यातल्या गावांत शिरले. अशा वेळी भिंत कोसळली की मदतीच्या अर्जासोबत पहिला प्रश्न कागदाचाच येतो.

कागद कसा असावा, हे वनहक्क कायदा २००६ सांगतो. या कायद्याखाली मिळालेला हक्क वारसाने पुढे जातो, विकता येत नाही. आणि पती-पत्नी असतील तर तो दोघांच्या नावे संयुक्तपणे नोंदला जातो. जंगलातल्या माणसासाठी जो न्याय, तो आपल्या नागपूरच्या फ्लॅटला का नको? हप्ता फेडताना बायको पोटाला चिमटा घेते आणि खरेदीखतावर नाव एकट्या नवऱ्याचे! स्त्रीला संपत्तीत हक्क मिळावा म्हणून हिंदू कोड बिल मांडणाऱ्या, ते रखडले तेव्हा १९५१ साली मंत्रिपद सोडणाऱ्या बाबासाहेबांचे अनुयायी आपण.

तेव्हा बदलीची नोकरी असेल तर खुशाल भाड्याने राहा. करार लेखी करा, दर महिन्याची पावती घ्या. घर घ्यायचेच असेल तर बयाणा देण्यापूर्वी सातबारा, फेरफार आणि जमिनीचा भोगवटादार वर्ग तपासा. बाप राहत असलेल्या जागेला कागद नसेल, तर शहरातल्या दुसऱ्या फ्लॅटआधी त्या कागदासाठी तहसीलच्या पायऱ्या चढा. आणि नाव लावाल तेव्हा दोघांचे लावा.

जय भीम!