पदवीची कसोटी प्रयोगशाळेत

पुण्यात पाषाणला असलेली ‘आयसर’, म्हणजे भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था, २००६ साली सुरू झाली. पुढे कोणताही विषय निवडायचा असो, सुरुवातीला गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र सर्वांनी शिकायचे, प्रॅक्टिकल्सही करायची आणि शेवटचे वर्ष संशोधन-प्रबंधाला द्यायचे, अशी तिच्या पाच वर्षांच्या बीएस-एमएस पदवीची मूळ घडण. मात्र वेळापत्रकात चार विषय शेजारीशेजारी मांडले म्हणून पदवी आंतरविद्याशाखीय होत नाही. एका विषयाचे अडलेले मोजमाप दुसऱ्या विषयाने सोडवावे लागते, तेव्हा ती तशी होते; आणि ते घडते प्रयोगशाळेत.

नमुन्यातून किती प्रकाश पार होतो हे मोजणाऱ्या स्पेक्ट्रोफोटोमीटरचेच पाहा. क्युव्हेटमध्ये, म्हणजे छोट्या पारदर्शक पात्रात, पोटॅशियम परमँगनेटचे जांभळे द्रावण घेऊन ५२५ नॅनोमीटरच्या आसपास रीडिंग घेतले की द्रावणाची संहती काढता येते. त्याच यंत्रात ई. कोलाय जिवाणूंचे गढूळ कल्चर ठेवून ६०० नॅनोमीटरला रीडिंग घेतले की त्यांची वाढ कळते. दोन्ही आकडे दिसायला एकाच जातीचे, पण परमँगनेट प्रकाश शोषून घेते, तर जिवाणू तो मुख्यतः विखुरतात. कल्चर दाट झाले की विखुरलेला प्रकाश पुन्हा विखुरतो, त्यातला काही डिटेक्टरपर्यंत पोचतो आणि यंत्र जिवाणू आहेत त्याहून कमी दाखवते. मग कल्चर दहापट विरल करून रीडिंग घ्यायचे आणि दहाने गुणायचे. जिवाणूंच्या वाढीचा आलेख वरच्या टोकाला खोटा का वाकला, याचे उत्तर इथे प्रकाशविज्ञान देते.

सगळ्याचे थोडेथोडे केले तर कशातच हात बसत नाही, हा आक्षेप रास्त आहे. सेंद्रिय संश्लेषणातले कसब एका सत्रात येत नाही. पुढची वर्षे आणि प्रबंध त्यासाठीच असतात. पण आपले यंत्र नेमके काय मोजते हे ज्याला कळत नाही, त्याचे प्रावीण्यही अर्धवटच. दुसरा आक्षेप अधिक बोचरा: आपल्याकडे प्रॅक्टिकल म्हणजे ठरलेल्या उत्तराला रीडिंग जुळवून जर्नल पुरे करणे, मग एकाऐवजी चार जर्नले लिहून काय साधणार? काहीच नाही. म्हणूनच आधी गुणदानाची पद्धत बदलायला हवी. प्रवेश घेताना पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी विषयांच्या यादीवर थांबू नये. रीडिंग चुकले आणि ते का चुकले हे नीट सांगितले, तर इथे गुण मिळतात का, हे जरूर विचारावे.